राजापुढचं प्यादं

बारकी जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती, म्हणून बारकी. आता घरात सगळ्यांत उंच तीच होती, मधल्या दारातून शिरताना तिला मान तिरकी करावी लागे, तरी नाव तेच राहिलं. तिच्या बाबांना मात्र गल्लीतले झाडून सगळे सर म्हणत. सर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा बुद्धिबळाचा क्लास होता. लाकडी टेबलं, प्लॅस्टिकच्या सोंगट्या, भिंतीवर टांगलेला मोठा पट. पोरांनी घाईत चाल करू नये म्हणून नियम असा की विचार करताना दोन्ही हात मांडीखाली.

एकेकाळी शहरात सरांच्या तोडीचा खेळाडू नव्हता. कपाटावर ओळीने कप होते, आई ते महिन्यातून एकदा खाली काढून पुसायची. पण अलीकडे क्लासमधली टेबलं रिकामी राहू लागली होती. मुलं मोबाइलवरच शिकत. “मोबाइल रागावत नाही ना, म्हणून आवडतो,” असं बाबा म्हणायचे आणि हसायचे, पण दोन टेबलं त्यांनी मुकाट्याने माळ्यावर टाकली होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा बारकीने आणि तिच्या वर्गातल्या ढापण्याने बुद्धिबळाचं इंजिन करायचं ठरवलं. ढापण्या म्हणजे जाड भिंगांचा चष्मा, कायम विस्कटलेले केस, आणि कुठल्याही गोष्टीवर आधी हसून घ्यायचं, विचार नंतर. इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. पटावरून पुढे काय काय होऊ शकतं ते तो पाहतो, प्रत्येक शक्यतेला गुण देतो आणि सर्वांत जास्त गुणांची चाल खेळतो. पुढचं पाहण्याचा भाग ढापण्याने लिहायला घेतला. गुण द्यायचा भाग बारकीकडे आला, आणि त्यासाठी तिला लांब कुठे जावं लागलं नाही. क्लास सुटला की ती लॅपटॉप घेऊन बाबांसमोर बसायची.

“बाबा, दोन्ही उंट शाबूत असले तर किती फायदा?”

“किती म्हणजे? तोलून सांगू का?”

“सांगाच. मला आकडा लागतो.”

बाबा डोळे मिटायचे. “अर्ध्या प्याद्याएवढा. जरा कमीच धर.”

बाबांचा सगळ्यांत लाडका नियम राजासमोरच्या प्याद्यांचा. राजा एकदा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याच्यापुढची तीन प्यादी म्हणजे दाराची कडी. समोरच्याने भाग पाडल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. एखाद्या पोराने त्यातलं प्यादं उगाच पुढे ढकललं की बाबा पटावरची नजर न काढता विचारायचे, “राजाला उकडतंय का रे?” सगळा क्लास हसायचा. तोही नियम आकडा होऊन इंजिनात गेला. प्यादी जागेवर असली तर गुण अधिक, हलली तर वजा.

इंजिनाचं नाव ठेवलं ‘सरपट’. सरांचा पट तो सरपट. सुरुवातीला ते इतकं हळू चालायचं की ढापण्या म्हणाला, “सरपट धावतंय कुठलं, नुसतं सरपटतंय.” प्रोजेक्टच्या मॅडमनी एक अट घातली होती, की कोड ओपन सोर्स ठेवायचा. म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा. ज्याला वाटेल त्याने वाचावा, न्यावा, बदलावा. दोघांनी सरपटचं एक पान केलं, त्यावर सरांचं नाव घालून आभार मानले, आणि तपासून झालेलं प्रत्येक व्हर्जन तिथे टाकत गेले. कुठल्याशा दूरच्या देशातल्या अनोळखी माणसाने बरोबरीच्या नियमात त्यांची एक चूक काढली, तेव्हा आपलं काम कुणीतरी एवढं मन लावून वाचलं या आनंदात दोघं कॅन्टीनमध्ये चहावर चहा पीत बसले.

बाबांसाठी बारकीने लॅपटॉपवर एक सोपा पट करून दिला होता. ते सरपटशी खेळायचे आणि ते कुठे मूर्खासारखं खेळलं ते सांगायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये संगणक होते, त्यामुळे दिवसा लॅपटॉप घरीच असायचा, आतल्या खोलीत टेबलावर चालू, स्वतःशीच डावांमागून डाव खेळून चाचण्या देत.

त्याच सुमाराला पन्नाशीपुढच्या खेळाडूंसाठी एक स्पर्धा निघाली. घरी बसून, इंटरनेटवर, दुपारच्या वेळी खेळायची. बाबा बरीच वर्षं स्पर्धेत उतरले नव्हते. शेवटचे उतरले तेव्हा भरल्या हॉलमध्ये एका शाळकरी पोराने त्यांना हरवलं होतं, आणि ते चष्म्याचं घर खिशात टाकून कुणाशी न बोलता घरी आले होते. या वेळी आईनेच आग्रह धरला. “घरातच तर बसायचंय. हरलात तरी बघायला कोण येणार आहे?”

बाबा हरले नाहीत. ते पहिले आले.

घराचा रंगच पालटला. बाबा दाढी करताना शीळ घालू लागले. पालकांचे फोन येऊ लागले, माळ्यावरची टेबलं खाली आली, आणि औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरला उभी राहून दमून येणारी आई दारातूनच विचारू लागली, “आज किती नवी पोरं?”

पंचांची मेल आली ती सरपटच्या पानावरच्या पत्त्यावर. बारकी आणि ढापण्या लॅबमध्ये प्रोजेक्टच्या सादरीकरणाची पानं तयार करत होते. स्पर्धेच्या मुख्य पंचांनी फार जपून लिहिलं होतं. दुसऱ्या आलेल्या खेळाडूने, एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, तक्रार केली आहे. म्हणून विजेत्याचे डाव तपासले. त्यांच्या चाली इतर कुठल्याही इंजिनापेक्षा तुमच्या सरपटशी जास्त जुळतात. सरांना मी पूर्वीपासून ओळखतो, त्यांच्याविषयी मला आदर आहे. तुमच्या पानावर त्यांचे आभार मानले आहेत तेही वाचलं, तेव्हा या साम्याला वेगळं कारण असू शकतं. तुम्ही टाकलेल्या व्हर्जनांशी डाव ताडून पाहून शनिवारपर्यंत कळवाल का?

ढापण्या हसत सुटला. “अरे, जुळणारच ना! सरांनीच शिकवलंय त्याला. नातवाचं नाक आजोबांसारखं का, असं विचारतायत हे.”

मॅडमना दाखवलं तर त्याही खूश. “म्हणजे तुमचं इंजिन एका विशिष्ट माणसासारखं खेळतं, याचा बाहेरचा पुरावाच मिळाला. सादरीकरणात एक पान याच्यावर करा.”

बारकीलाही हायसं वाटलं. तिने पंचांनी पाठवलेले डाव घेतले आणि पानावर टाकलेल्या शेवटच्या व्हर्जनला एकेक करून दाखवले. चाली जुळत होत्या, पण सगळ्या नाही. काही ठिकाणी बाबा साफ वेगळे खेळले होते. ती उडालीच. ढापण्याला तिने ओरडून सांगितलं, “वेगळ्या आहेत! मोक्याच्या जागी वेगळ्या आहेत!” ढापण्या लगेच उत्तराचा मसुदा लिहायला बसला. इंजिनाने सुचवलं असतं तर सर ही चाल खेळले नसते, असं त्यात ठासून लिहायचं त्याने ठरवलं.

“कुठल्या कुठल्या चाली, वाचून दाखव,” तो म्हणाला.

बारकी वाचू लागली. पोस्टमास्तरांबरोबरच्या डावात राजासमोरचं प्यादं पुढे. त्याआधीच्या डावात, परत राजासमोरचं प्यादं. त्याच्याही आधी तेच. कुणी भाग पाडलेलं नसताना.

वाचता वाचता ती मध्येच थांबली.

“काय झालं?”

“काही नाही. तू लिही. मी जरा घरी जाऊन येते.”

वाटेत तिला धड रस्ता दिसत नव्हता. स्पर्धा चालू होती त्या आठवड्यात तिने गुण द्यायचा भाग नव्याने लिहिला होता, आणि लिहिताना राजासमोरच्या प्याद्यांच्या ओळीत वजाच्या जागी अधिक पडलं होतं. म्हणजे प्यादं हललं की सरपटला उलट बरं वाटायचं. आकडा लहान होता. इंजिन जिंकायचं तसं जिंकतच होतं. दुसरं काही करण्यासारखं नसलं की तेवढं एखादं प्यादं उगाच पुढे सरकवायचं. म्हणून चूक पटकन ध्यानात आली नाही. आली तेव्हा तिने ती दुरुस्त केली आणि ढापण्यालाही सांगायची राहिली. ते व्हर्जन पानावर कधी गेलंच नाही. जगात ते एकाच ठिकाणी होतं, घरी टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये.

घरी पुढच्या खोलीत क्लास भरला होता. ती आत गेली. रोजच्या कामाची प्रत लॅपटॉप जपून ठेवतो; तिने तो आठवडा शोधला, ते चुकलेलं व्हर्जन चालू केलं आणि बाबांचे डाव त्याच्यापुढे मांडले. पहिल्या डावातल्या पहिल्या काही चाली सोडल्या तर पुढे सगळं जुळलं. प्याद्यांसकट.

बाहेर बाबा कुणाला तरी विचारत होते, “राजाला उकडतंय का रे?” आणि पोरं हसत होती.

शेवटचं पोर चपला घालून गेलं. बाबा सोंगट्या डब्यात भरत होते. बारकीने एका टेबलावर पोस्टमास्तरांबरोबरचा डाव मांडला.

“बाबा, इथे तुम्ही काय खेळलात?”

बाबांनी चष्मा नाकावर चढवला. “हा माझा डाव ना?”

“हो. इथे तुम्ही हे ढकललंत.” तिने राजासमोरचं प्यादं पुढे केलं.

“असेल.”

“का?”

“का म्हणजे? सुचलं.”

“क्लासमध्ये कुणी केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?”

“तू माझी परीक्षा घेतेस?” बाबांचा आवाज चढला. “तुझ्या जन्माच्या आधीपासून खेळतोय मी. तुझ्या त्या यंत्राला मी शिकवलंय, त्याने मला नाही शिकवलं.”

“तेच म्हणतेय मी. मग हे का खेळलात ते सांगा. तेवढंच सांगा.”

बाबांनी पटाकडे पाहिलं. त्यांचं बोट नेहमीसारखं हवेत फिरू लागलं. “त्याचा घोडा इकडून आला असता, म्हणजे मग मी…” बोट थांबलं. घोडा तिकडून येऊच शकत नव्हता. “नाही, वजीर. वजीर आला असता तर…” वजीरही येत नव्हता. बाबांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. पटाकडे बघत थाप मारणं त्यांना जमेना. बोट खाली आलं. ते पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसले, गुडघे वर आले.

“पहिल्या दिवशी मी माझी चाल आधी ठरवायचो,” ते म्हणाले. “खरं सांगतो. ठरवायचो, आणि नुसती खात्री म्हणून तुझ्या लॅपटॉपवर मांडून बघायचो. तीच निघायची. परत बघितलं, परत तीच. इतका आनंद झाला बारके, तुला काय सांगू. म्हटलं, अजून दिसतंय आपल्याला.”

“मग?”

“मग एकदा वेगळी निघाली.”

बारकी समोरच्या स्टुलावर बसली.

“तेव्हा माझी खेळायला हवी होती. कळत होतं. पण ते हॉलमधलं पोर आठवलं. म्हटलं, ह्याला दिसतंय ते आपल्याला दिसत नाही, वय झालं आपलं. आणि तिथून पुढे मी ठरवायचंच सोडून दिलं. ते सांगेल ते.”

“आणि हे प्यादं?”

“ते तर मला मुळीच पटलं नव्हतं. ढकलताना कसंतरीच झालं. पण म्हटलं, त्याला पुढचं दिसत असणार.”

“त्याला काही दिसत नव्हतं, बाबा. ती माझी चूक होती. त्या आठवड्यात वजाच्या जागी अधिक लिहिलं गेलं माझ्याकडून.”

बाबांनी मान वर केली. “चूक?”

“हो.”

“म्हणजे हे प्यादं हलवायचं नव्हतंच?”

“नव्हतं.”

“म्हणजे माझं बरोबर होतं?” ते अर्धवट उठले. चेहरा उजळला होता, दाढी करताना शीळ घालायचे तेव्हा असायचा तसा. “सांग ना. माझं बरोबर होतं ना?”

“हो बाबा. तुमचंच बरोबर होतं.”

ते ऐकलं, आणि आपण काय विचारून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते परत खाली बसले. पटावरच्या सोंगट्या उचलून डब्यात टाकू लागले, काळ्या-पांढऱ्या एकत्रच, जे ते पोरांना कधी करू देत नसत.

“शनिवारपर्यंत पंचांना उत्तर द्यायचंय,” बारकी म्हणाली. “मी लिहिण्यापेक्षा तुम्हीच त्यांना सांगा. प्लीज.”

बाबांनी नुसती मान डोलावली.

आईला जेवताना कळलं. दोघं गप्प आहेत म्हटल्यावर तिने एकेक करून सगळं काढून घेतलं. मग बराच वेळ ताटातलं बोटाने सारत राहिली.

“कुणाचं काय चोरलं त्यांनी?” शेवटी ती बारकीला म्हणाली. बाबा उठून गेले होते. “कधीपासून हसताना बघितलं नव्हतं मी त्यांना.”

“त्या पोस्टमास्तरांना सगळे वेड्यात काढतायत, आई. खेळाडूंच्या ग्रुपवर त्यांची चेष्टा चाललीय. हरलं की असंच सुचतं म्हणे.”

“मी त्यांना ओळखत नाही. ह्यांना ओळखते.”

“मीही ह्यांनाच ओळखते.”

“मग मुलीसारखी वाग,” आई म्हणाली आणि ताटं उचलू लागली. बारकी मदतीला उठली तर तिने हातातलं ताट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लॅबबाहेरच्या जिन्यात तिने ढापण्याला सांगितलं. तो सवयीने हसला, मग तिचं तोंड पाहून त्याचं हसू जिरलं. चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने कितीतरी वेळ पुसत बसला.

“ते व्हर्जन आपण पानावर टाकलंच नव्हतं ना?”

“नाही.”

“पंचांनी टाकलेल्यांबद्दलच विचारलंय. मग आपण लिहितोय ते खरंच आहे. एक अक्षर खोटं नाही त्यात.”

“नाहीये.”

“मग?”

“मग काय? ते वाचून पंच जे समजतील ते खोटं असेल.”

ढापण्याने चष्मा लावला. “ती प्रत उडवून टाक, बारकी. तुझ्या एका बटणाचं काम आहे. मग आपल्यालाही खात्रीने माहीत नाही, असं होईल.”

“मला माहीत आहे ना.”

“मी काही लई शहाणपणाने सांगत नाहीये. माझा बाप असता तर मी उडवली असती, एवढंच. मसुद्यावर माझं नाव आहे, तुझंही आहे. तू म्हणशील तसं.”

त्या दिवशी तिने ती प्रत खरंच उघडली. उडवायचा पर्यायही समोर आणला. संगणकाने विचारलं, नक्की का? ती त्या प्रश्नाकडे बघत राहिली, मग लॅपटॉप मिटवला. धाडस झालं नाही की उडवायची नव्हतीच, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी बाबांनी पंचांना फोन केला. बारकी आत होती, पण बाबा फोनवर नेहमीच मोठ्याने बोलायचे. “नमस्कार नमस्कार! हो, मीच… नाही हो, आता वयोमानाने दगदग सोसत नाही… तेच म्हणतो, वाद कशाला? त्यांना देऊन टाका पहिला नंबर… छे छे, तसं काही नाही. तसं काही असतं तर मी तुम्हाला सांगितलं नसतं का?”

फोन ठेवून ते आत आले. “झालं. मिटलं. नंबर देऊन टाकला त्यांना.”

“बाबा, तुम्ही सांगितलं नाहीत.”

“पहिला नंबर दिला ना परत?”

“नंबर दिलात. आणि तसं काही नाही म्हणालात.”

बाबा दारात उभे राहिले. बाहेर पोरं यायला लागली म्हणून तसेच वळले.

संध्याकाळपर्यंत खेळाडूंच्या ग्रुपवर ती बातमी फिरली आणि बाबांच्या फोनची टुणटुण थांबेना. सरांचं मन केवढं मोठं. जिंकूनही सोडून दिलं, याला म्हणतात खेळाडू. पोस्टमास्तरांना कुणी लिहिलं, ‘अभिनंदन, मागून मिळवलात अखेर.’ त्याखाली हसरे चेहरे, एकाखाली एक. पोस्टमास्तरांनी काहीच उत्तर दिलं नव्हतं. बाबांनी दोन-तीन मेसेज वाचले आणि फोन पालथा घालून ठेवला. तो पालथाच थरथरत राहिला.

बारकीने लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर ठेवला.

“बाबा, मी लिहितेय पंचांना. सगळं. तुमच्या नकळत पाठवणार नाही, म्हणून सांगतेय.”

“मला विचारतेस?”

“नाही. सांगतेय.”

“मग पाठव, नाहीतर नको पाठवूस,” बाबा म्हणाले. “माझ्याकडून हो म्हणून घेऊ नकोस. तेवढं माझ्याच्याने होणार नाही.”

तिने लिहिलं. मी त्यांची मुलगी आहे हे आधी लिहिलं, कारण ते पंचांना ठाऊक नव्हतं. मग त्या आठवड्यातली चूक, ती कुठे होती, लॅपटॉप कुठे होता. डाव त्या व्हर्जनशी कसे जुळतात ते. ते चुकलेलं व्हर्जनही तिने सरपटच्या पानावर टाकलं, कुणालाही ताडून बघता यावं म्हणून. ढापण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “माझं नाव खाली राहू दे. एकटीचं नको.” आई मधल्या दारात उभी राहून बघत होती. मग बाबांच्या शेजारी जाऊन बसली.

पंचांनी उत्तरात आभार मानले होते, फार त्रोटक. बाबांवर दोन वर्षांची बंदी आली. ग्रुपवर एक दिवस पूर्ण शुकशुकाट होता, मग लोकांनी नव्या जोमाने बाबांवर लिहायला सुरुवात केली, बहुतेक तेच लोक. पोस्टमास्तरांची माफी कुणी मागितली नाही. ते ग्रुपमधून बाहेर पडले होते. बारकीने त्यांना एक पत्र लिहायला घेतलं होतं, पण आपण कुणाच्या वतीने लिहितोय ते तिला कळेना, आणि ते तसंच राहिलं.

क्लासमधली पोरं गळाली. कुणी परीक्षेचं कारण दिलं, कुणी कारणही दिलं नाही. माळ्यावर आणखी टेबलं गेली. आई बारकीशी बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तसं.

सादरीकरण ठरल्या दिवशी झालं. मॅडमनी विचारलं, “ते माणसासारखं खेळतं वालं पान कुठे आहे?”

“काढलं, मॅडम.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, पुढे विचारलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र विचारलं की काम करताना सगळ्यांत महागात पडलेली चूक कोणती. बारकीने ढापण्याकडे पाहिलं. ढापण्या पटकन पुढे झाला. “एका ठिकाणी अधिक-वजाची अदलाबदल झाली होती, सर. आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली.” परीक्षक हसून म्हणाले, ती सगळ्यांचीच होते. गुण चांगले मिळाले. कॅन्टीनमध्ये दोघं समोरासमोर बसले आणि चहा निवून गेला.

बाबा तिच्याशी बोलायचे. पाण्याचं बिल, आईची पाठ, दाराची बिजागरी. बुद्धिबळाचा शब्दही नाही. लॅपटॉप उघडा असला तर ते त्या खोलीतून जाताना भिंतीकडे बघत जात. एकदा तिने मुद्दाम विचारलं, “बाबा, हत्ती मोकळ्या रांगेत असला तर किती धरायचं?” त्यांनी बिजागरीत तेल सोडत सांगितलं, “तू ठरव. तुला येतं सगळं.” रागाने नव्हते म्हणाले, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

मग एका दुपारी, उरलेली चार-पाच पोरं खेळत होती. बारकी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. पुढचे दोन दात पडलेली एक छोटी मुलगी अलीकडेच क्लासला येऊ लागली होती. तिचा आवाज खणखणीत होता.

“सर, माझी आई म्हणते तुम्ही कॉपी केली. खरंच केली?”

बाहेर सोंगट्यांची खटखट थांबली. बारकी मधल्या दाराशी आली, चौकटीला धरून उभी राहिली. बाबा त्या मुलीच्या टेबलाशी वाकून उभे होते; तिला जोडीदार नव्हता, म्हणून तिचा डाव त्यांच्याशीच चालू होता. आता ते काहीतरी हसण्यावारी नेतील, असं तिला वाटलं.

“हो,” बाबा म्हणाले. “केली.”

“का?”

“मला वाटलं, आता मला येत नाही.”

मुलीने यावर नीट विचार केला. “मग येतं का?”

“ते खेळूनच कळेल. हलव लवकर, तुझं घड्याळ चालू आहे.”

मुलीने घोडा उचलला, ठेवला आणि घड्याळाचं बटण जोरात दाबलं. बाबा समोरच्या खुर्चीत बसले. मान वर करताना त्यांना दारात उभी असलेली बारकी दिसली. ते तिच्याकडे क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी पटाकडे पाहिलं.